मेणाचं पोट भरेपर्यंत

मावशी सकाळचे पेले तीनदा धुवायच्या. एकदा कढत पाण्याने, एकदा गार पाण्याने, आणि तिसऱ्यांदा नळाखाली नुसते तिरपे धरून. पाणी काचेवरून अखंड उतरलं तर पेला स्वच्छ. मध्येच कुठे फाटलं, थेंब थेंब झालं, की तिथे तेलकटपणा राहिला, पुन्हा पहिल्यापासून. घरात पेले होते चार.

"आई, त्यातून आपण पाणी पिणार आहोत," लेक डबा भरता भरता म्हणाली. "ऑपरेशन नाही करायचं कोणाचं."

"हं," म्हणून मावशींनी तिसरा पेला परत गरम पाण्यात घातला.

सात महिन्यांपूर्वी नवरा गेल्यापासून त्यांचं हे "हं" वाढलं होतं. बाकी सगळं वेळच्या वेळी चाललेलं. उठणं, झाडणं, दूध तापवणं, जिन्यातल्या कुंडीला पाणी. चहा गरम असो की गार, त्या सारखाच पीत. लेकीला काळजी वाटे. "आई, एकदा रडून घे गं," ती म्हणायची. मावशी म्हणायच्या, "कांदा चिरताना रडते की." लेक हसायची आणि हसता हसता थांबायची.

लेक शाळेत गणित शिकवायची. जावई परगावी नोकरीला, महिन्यातून दोनदा घरी. तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत एरवी मायलेकीच. भिंतीवर फुंकणीदादांचा फोटो होता. फोटोतल्या हातात प्रमाणपत्र, आणि चेहऱ्यावर परक्याचा कोट घातलेल्या माणसाचा अवघडलेपणा. फुंकणीदादा म्हणजे मावशींचे यजमान. विज्ञान संस्थेत काचकाम करायचे. ज्योतीवर काच मऊ करून, नळीतून फुंकून, हवी तशी भांडी घडवायचे. म्हणून फुंकणीदादा. मावशी त्याच संस्थेत काच धुवायच्या, एकतीस वर्षं. त्यांना सगळे मावशीच म्हणायचे.

लेक चपला घालतच होती, तेवढ्यात दार वाजलं. बेल पंधरा दिवस बिघडलेली होती, येईल त्याने दारच ठोकायचं.

बाहेर दोघं उभी होती. एक जाड भिंगांचा चष्मा लावलेली तिशीतली बाई. दुसरे एक स्थूल गृहस्थ, काखेत फुगलेली फाईल, तीन जिने चढून धापा टाकत असलेले.

"फुंकणीदादा इथेच राहतात ना?" चष्मेवालीने विचारलं.

"राहायचे," लेक म्हणाली. "कोण आपण?"

चष्मेवालीचा चेहरा उतरला. बरोबरच्या साहेबांनी भिंतीवरचा फोटो पाहिला, आणि खिशातला रुमाल काढून उगाच कपाळ पुसलं. "अरेरे. केव्हा?"

"सात महिने झाले."

साहेबांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे धोरण मंजूर झालं त्याच महिन्यात," ते म्हणाले, जणू दोन्ही गोष्टींनी एकमेकींना विचारून तारीख ठरवायला हवी होती.

लेकीने शाळेत फोन करून पहिला तास दुसऱ्या बाईंना दिला आणि पाहुण्यांना बसवलं. मावशींनी चहा ठेवला. बाहेरच्या खोलीतलं बोलणं ओट्यापर्यंत सहज ऐकू यायचं.

"सरकारने क्वांटम तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय धोरण केलंय," साहेब सांगत होते. "मी त्याच कार्यालयातला. या मॅडम दादांच्या संस्थेत संशोधन करतात."

"पेपरात वाचलं मी," लेक म्हणाली. "पण ज्याने लिहिलं त्यालाच कळलेलं दिसत नव्हतं."

"खरं सांगू का? मलाही बाराव्या पानापर्यंतच कळलंय. तिथून पुढे या मॅडम."

चष्मेवाली मात्र हसली नाही. तिने पिशवीतून एक लाकडी डबी काढली. आत कापसात लिंबाएवढी काचेची गोल कुपी होती, एका बाजूला बारीक शेपटी असलेली. "ही तुमच्या वडिलांनी एकोणीस वर्षांपूर्वी केलेली," ती लेकीला म्हणाली. "आत हवा नाही. एका धातूची थोडीशी वाफ आहे, म्हणजे सुटे सुटे अणू. त्यांना आम्ही प्रकाशाने एक गोष्ट शिकवतो. ती त्यांच्या जितकी जास्त वेळ लक्षात राहील, तितकं आमचं यंत्र तल्लख. अशा यंत्राने हृदयाची, मेंदूची अगदी पुसट खूण टिपता येते. पण हे अणू भिंतीवर आपटले की शिकवलेलं विसरतात."

"डोकं आपटल्यावर कोणाच्या लक्षात राहतं?" मावशी चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या.

साहेबांना हे फार आवडलं. "व्वा! हे बाराव्या पानावर घालायला हवं होतं."

"म्हणून भिंतीला आतून मेणाचा हात द्यायचा," चष्मेवाली पुढे म्हणाली. "मेणावर अणू अलगद आपटतात, विसरत नाहीत. इतर कुप्यांमध्ये ते शंभरदा आपटले की खलास. या कुपीत दहा हजार वेळा आपटूनही लक्षात ठेवतात. आजसुद्धा. परदेशातून मागवलेली एकही कुपी हिच्या जवळपास नाही. आणि आता तिकडून मागवायला दीड वर्षाची रांग आहे."

साहेबांनी फाईल उघडून एका पानावर बोट ठेवलं. धोरणात लिहिलं होतं की, अशा कुप्या देशातच तयार व्हायला हव्यात. कोणती संस्था करणार त्याची यादी होती. दादांच्या संस्थेच्या नावापुढे सव्वादोन महिन्यांनंतरची तारीख होती. तोवर एक नवी कुपी जुनीइतकी चांगली करून दाखवायची. नाही जमलं तर नाव यादीतून गळणार, प्रयोगशाळा दुसरीकडे जाणार.

"मॅडमनी चौदा केल्या. चौदाही वाया," साहेब म्हणाले. "म्हटलं, मूळ माणसालाच गाठू."

लेक उठली. कपाटातून तिने वडिलांच्या तीन वह्या काढल्या आणि चष्मेवालीच्या हातात अशा दिल्या, जसं एखादं तान्हं मूल द्यावं. "बाबांनी सगळं लिहून ठेवलंय यात. बाबांचं अक्षर बघा, छापल्यासारखं. त्यांच्या हाताला जादू होती, असं प्रमाणपत्र देताना तुमच्या संस्थेच्या मोठ्या बाई भाषणात म्हणाल्या होत्या. मी पहिल्या रांगेत होते."

मावशी तिसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी रिकामे कप उचलले.

वह्यांत मेणाबद्दल काय लिहिलंय ते मावशींना माहीत होतं. फार काही नव्हतं. "मेण देणे. भट्टीत ठेवणे. तयार झाल्यावर काढणे." त्याआधीची दहा पानं काचेबद्दल होती, आणि ती खरोखर दादांची होती, बोटाबोटाने शिकून लिहिलेली. मेणाबद्दल त्यांना लिहिता येणार तरी काय? मेणाचं काम त्यांनी कधी केलंच नव्हतं.

त्या कप धूत राहिल्या. पाहुणे निघाले. सांगावं असं आतून काही उसळून आलं नाही, आणि सांगू नये असंही नाही. नळाचं पाणी कपावरून सरळ उतरलं.

*

ते काम मावशींकडे आलं कसं, याची काही मोठी गोष्ट नाही. संस्थेत मेणाचा प्रयोग सुरू झाला तेव्हा मोठ्या बाई, म्हणजे तेव्हाच्या विभागप्रमुख, फुंकणीदादांना म्हणाल्या, हेही तुम्हीच बघा. दादांना मेणाच्या वाफेने खोकल्याची उबळ यायची. शिवाय वितळवा, ढवळा, निववा, हे त्यांना स्वयंपाकघरातलं काम वाटलं. त्यांनी कुप्यांचा ट्रे उचलून धुण्याच्या खोलीत बायकोपुढे ठेवला. "एवढं बघ गं," म्हणाले.

मावशींनी बघितलं. धुणं तर त्यांचंच होतं. काचेला कणभर ओशटपणा राहिला तर मेण तिथे धरत नाही, हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं. मग कुपीत मेणाचा कण टाकून, हवा काढून, बाहेरून हळूहळू ऊब द्यायची, की मेण वाफ होऊन आतून सगळीकडे सारखं बसतं. पुढे दादा शेपटीत धातूचा थेंब सोडत आणि ज्योतीने तोंड बंद करत. आणि मग कुपी परत मावशींकडे.

हा शेवटचा भाग कोणालाच ठाऊक नव्हता. नव्या मेणाला धातूची भूक असते. बंद झालेल्या कुपीत ते वाफ गिळत राहतं. जोवर गिळतंय तोवर कुपी काही कामाची नाही. शेपटीतला चकचकीत ठिपका दिवसागणिक लहान होत जातो. मावशी कुप्या जुन्या फ्लॅनेलच्या तुकड्यांत गुंडाळून कोमट भट्टीत ठेवायच्या. शेपटी तेवढी दाराच्या फटीतून बाहेर, गारव्याला, नाहीतर धातू मेणावर चढून डाग पडतात. रोज सकाळी त्या भिंग लावून ठिपका पाहायच्या. आज कालच्याइतकाच, उद्या आजच्याइतकाच, असं लागोपाठ तीन दिवस झालं की मेणाचं पोट भरलं. कधी सात दिवस लागत, कधी अकरा. मग ट्रे दादांच्या टेबलावर. "झाल्या."

दादांनी कधी विचारलं नाही, झाल्या म्हणजे काय झालं.

धुण्याच्या त्या खोलीत बसायला काही नव्हतं. फार पूर्वीच्या कोणा प्रमुखांनी नियम केला होता: बसून काच धुतली की मांडीवरून पडते, फुटते. भिंतीवर पाटीच होती, "येथे बसू नये." एकतीस वर्षं मावशी उभ्या होत्या, एका पायावरचा भार दुसऱ्यावर देत. पलीकडे दादांना ज्योतीसमोर गोल फिरणारं स्टूल होतं.

मग ते प्रमाणपत्र आलं. भाषणं झाली. दादांचा मोठा फोटो संस्थेच्या व्हरांड्यात लागला, खाली लिहिलं, "मेणलेपित कुपीचे जनक." त्या संध्याकाळी घरी चालत येताना दादा म्हणाले होते, "तुझंही नाव घ्यायला हवं होतं. बोलायला उभा राहिलो आणि विसरलो बघ."

"असू दे," मावशी म्हणाल्या होत्या.

त्यानंतर अठरा वर्षं होती. तो विषय परत निघाला नाही.

*

महिन्याभराने चष्मेवाली एकटीच आली. शाळा सुटून लेक नुकतीच घरी पोचली होती. चष्मेवालीने वह्या टेबलावर ठेवल्या आणि खुर्चीत अशी बसली, की उठायचा तिला विसरच पडेल.

"शब्द न् शब्द पाळला मी. काच बरोबर दादांसारखी जमली. तोंडही मी स्वतः बंद केलं. पण मेणाच्या पानावर काहीच नाही हो. तयार झाल्यावर काढणे! अहो, तयार झालं हे ओळखायचं कशावरून? रात्रभर ठेवून पाहिलं, दोन दिवस ठेवून पाहिलं. शेवटी म्हटलं, ऊब वाढवून बघू." तिने डबी उघडली. आतल्या कुपीवर तपकिरी ओघळ होते.

लेकीने वही चाळली. "असं कसं? बाबा विसरणारे नव्हते. एखादं पान गळलं असेल."

मावशी गव्हाचं पीठ चाळत होत्या. त्यांनी हात झटकले, कुपी उचलली, खिडकीकडे धरली आणि एकदाच फिरवली.

"घाई केलीत," त्या म्हणाल्या. "आणि शेपटी आत ठेवलीत."

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती चालू होत नव्हती.

"मावशी," चष्मेवाली हळूच म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत?"

"मीच ठेवायचे ना."

मग त्यांनी सगळं सांगितलं. अगदी सपाट आवाजात, बाजारातून काय काय आणायचं ते सांगावं तसं. मेणाची भूक, फ्लॅनेल, फट, भिंग, तीन दिवस. चष्मेवाली आधी ऐकत राहिली, मग घाईघाईने पेन शोधू लागली, आणि पेन तिच्याच केसात खोचलेलं होतं ते लेकीने काढून दिलं.

चष्मेवाली गेल्यावर लेक दाराला पाठ लावून उभी राहिली.

"म्हणजे बाबांनी नाही केलं?"

"काच त्यांनीच केली. तशी काच कोणी करत नाही."

"मी काच नाही विचारत आहे, आई. फोटोखाली काय लिहिलंय? मी वर्गात सांगते मुलांना. दरवर्षी सांगते! माझ्या बाबांनी, असं करून." तिचा आवाज चढला. "बाबांना माहीत होतं?"

"होतं."

"आणि ते गप्प बसले? आणि तूही?"

"कोणी विचारलं नाही."

"मग आज का बोललीस? ते नसताना? आता त्यांना उत्तरही देता येत नाही!"

मावशींनी विचार केला. "ती कुपी जळली होती," त्या म्हणाल्या. "बघवेना."

लेक आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मावशी राहिलेलं पीठ चाळू लागल्या. वाईट वाटायला हवं, एवढं त्यांना कळत होतं. लेक रडत होती, ते ऐकूही येत होतं. पण दात काढायच्या आधी सुई दिलेल्या गालासारखं झालं होतं. हात लावावा, आपला गाल आहे हे कळावं, आणि तेवढंच.

चार दिवस लेक कामापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी तिने मावशींना दादांचं कपाट उघडून उभं असलेलं पाहिलं. मावशींच्या हातात दादांचा फ्लॅनेलचा शर्ट होता. निळ्या चौकटींचा, कोपरं विरलेला.

"काय करतेस?"

"संस्थेत बोलावलंय, सोमवारपासून. कापड लागेल. नवं नको, नव्याचे धागे सुटतात." मावशींनी शर्ट पलंगावर पसरला, बाह्या सरळ केल्या. "कात्री सापडत नाही."

लेकीने शर्टाच्या विरलेल्या कोपरावरून हात फिरवला. मग शिवणाच्या डब्यातली कात्री आणून तिने आईसमोर धरली. "बटणं काढून ठेव," ती म्हणाली. "बटणं मला हवीत."

मावशींनी आधी बटणं काढली. सात होती, एक वेगळ्या रंगाचं. मग त्यांनी कापड कापलं, तळहाताएवढे चौकोन, एकही वाकडा नाही.

*

संस्थेच्या फाटकावर आता बोट लावायचं यंत्र आलं होतं. मावशींनी बोट लावलं. लाल दिवा. दुसरं लावलं. लाल दिवा. कढत पाणी, सोडा आणि आम्ल यांनी त्यांच्या बोटांवरच्या रेषा कधीच पुसून टाकल्या होत्या.

"आजी, नीट दाबा," पहारेकरी म्हणाला.

"दहाही दाबून झाली. आता काय पायाची काढू?"

"या यंत्राच्या मते तुम्ही नाहीच आहात इथे."

"त्याचं बरोबर असेल," मावशी म्हणाल्या.

पहारेकरी हसला आणि दांडा वर केला. व्हरांड्यातून जाताना दादांचा फोटो लागला. मावशी थांबल्या. काचेवर धूळ होती. त्यांनी रुमालाने ती पुसली आणि पुढे गेल्या.

प्रयोगशाळा ओळखू येईना. जिथे दादांची ज्योत होती तिथे आता आरशांनी आणि तारांनी भरलेलं टेबल होतं, आणि दादांचं स्टूल तर कुठेच नव्हतं. धुण्याची खोली मात्र तशीच होती. तोच दगडी ओटा, तोच ठिबकणारा नळ, तीच पाटी. ओट्यापाशी नवी धुणारी बाई उभी होती. तिशीची असेल, घोटे सुजलेले. एका पायावरचा भार दुसऱ्यावर देत ती बरण्या धूत होती. मावशींना बघून ती जरा बाजूला सरकली.

"पाणी फाटतंय बघ," मावशी म्हणाल्या.

"कुठे?"

"ते काय. कडेला." त्यांनी तिचा हात धरून बरणी तिरपी केली. "आत्ता बघ."

तिने पाहिलं. "अगंबाई! मला कोणी सांगितलंच नाही हो हे."

"हं," मावशी म्हणाल्या.

पाच कुप्या धुतल्या. पाचांना मेण दिलं. चष्मेवाली शेजारी घड्याळ आणि वही घेऊन उभी. "भट्टी किती अंशावर, मावशी?" "हाताच्या पाठीला सोसेल इतकं." "म्हणजे किती?" "तू मोज की, माझा हात आहे इथे." चष्मेवालीने खरोखरच मोजलं, पन्नास अंश. आणि लिहिलं. तोंडं बंद झाली, फ्लॅनेलमध्ये कुप्या निजल्या, पाच शेपट्या फटीतून बाहेर.

मग काही करायचं नव्हतं. हाच भाग लोकांना जमत नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. पाचव्या दिवशी ते स्वतःच आले, फाईलसकट.

"तारीख बावीस दिवसांवर आलीय, मावशी. जरा लवकर नाही का होणार?"

"भरल्या पोटाचं माणूस तुम्ही. मेण अजून उपाशी आहे."

साहेबांनी पोट आत घेतलं आणि खुर्ची शोधली. धुण्याच्या खोलीत ती सापडली नाही, म्हणून ते पाटी वाचत उभे राहिले आणि दहा मिनिटांत कंटाळून गेले.

आठव्या दिवशी दोन कुप्यांचे ठिपके थांबले. नवव्या दिवशी तेवढेच. दहाव्या दिवशी तेवढेच. मावशींनी भिंग खाली ठेवलं.

"या दोन झाल्या," त्या म्हणाल्या.

मोजणीला अख्खा दिवस लागला. संध्याकाळी चष्मेवाली धुण्याच्या खोलीत धावत आली आणि दारातच थांबली. चष्मा काढून तिने डोळे पुसले. "बारा हजार, मावशी. बारा हजारदा आपटूनही लक्षात आहे त्यांच्या. जुनीपेक्षा जास्त!" आणि तिने मावशींना मिठी मारली. मावशी ओल्या हातांनी मिठीत उभ्या राहिल्या, तिला पाणी लागू नये म्हणून हात लांब धरून. पोरगी खूश झाली हे त्यांना दिसत होतं. आपल्या आत काही होतंय का, ते त्यांनी पाहिलं. ठिपका कालच्याइतकाच होता.

*

शनिवारी साहेब संस्थेत फॉर्म घेऊन आले. शाळेला अर्धी सुट्टी होती, म्हणून लेकही आली होती. व्हरांड्यात बाबांच्या फोटोसमोर ती बराच वेळ थांबली होती, मावशींनी ते पाहिलं होतं. सगळे चष्मेवालीच्या टेबलाभोवती जमले. संस्थेचं नाव यादीत राहिलं होतं. आणखी चाळीस कुप्या करायच्या होत्या, आणि मावशींनी आठवड्यातून तीन दिवस येऊन दोघातिघांना शिकवावं असं ठरत होतं.

"इथे एक रकाना आहे," साहेब म्हणाले. त्यांनी घसा खाकरला, व्हरांड्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. "तंत्र कोणाचं. हे जरा नाजूक आहे. जुन्या कागदांत सगळीकडे दादांचं नाव आहे. तुम्ही म्हणाल तसं करू. हवं तर तसंच ठेवू."

कोणी मावशींकडे पाहिलं नाही, फक्त लेकीने पाहिलं. तिच्या मुठीत काहीतरी होतं. बटण असावं.

"काच यांची," मावशी म्हणाल्या. "मेण माझं. जसं आहे तसं लिहा."

साहेबांनी पेन उघडलं. "मेण... मावशी, तुमचं नाव काय हो? म्हणजे कागदावरचं?"

एकतीस वर्षांत आणि वर या दोन महिन्यांत ते कोणी विचारलं नव्हतं. मावशी उत्तर द्यायला निघाल्या, पण त्याआधी लेकीनेच सांगितलं. पूर्ण नाव, सावकाश, वर्गात फळ्यावर लिहून द्यावं तसं एकेक अक्षर सुटं करून. साहेबांनी लिहिलं. तिने वाकून तपासलं आणि एका ठिकाणी काना राहिला होता तो द्यायला लावला.

"फोटोखालचंही बदलून घ्या," ती म्हणाली. "फोटो राहू दे. अक्षरं बदला."

"नक्की," साहेब म्हणाले. त्यांना सुटल्यासारखं झालं होतं आणि आता उदार व्हावंसं वाटत होतं. "मावशी, मी उद्या वरिष्ठांना भेटतोय. या कामात तुमच्यामुळे आमची अब्रू राहिली. तुमच्यासाठी काय करू, ते सांगा. संकोच करू नका. घरापासून गाडी पाठवू का? समारंभ ठेवू? तुमचाही फोटो लावू मोठा?"

मावशींनी दारातून धुण्याच्या खोलीकडे पाहिलं. नळ चालू होता. नवी बाई ओट्यापाशी उभी होती, बरणी तिरपी धरून.

"धुण्याच्या खोलीत एक खुर्ची ठेवा," त्या म्हणाल्या. "पाठ टेकता येईल अशी."